पानगळीच्या जंगलात पहिल्यांदा जाताना

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, बोर. विदर्भातली ही सगळी जंगलं पानगळीची. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर एवढ्यात पडून जातो. पुढचे आठ महिने झाडांना जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायचे असतात, आणि मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पानांतून पाणी उडतच राहतं, म्हणून झाड पानं टाकतं. टाकण्याआधी पानातलं नायट्रोजन, फॉस्फरस जमेल तेवढं फांदीत परत ओढून घेतं आणि मगच देठ सोडतं. ज्या फेब्रुवारी-मार्चात जंगल उघडंबोडकं दिसतं, त्याच दिवसांत फुलं, शेंगा आणि नव्या पालवीची सगळ्यात मोठी लगबग चालू असते.

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोक्यात वाघ असतो. असू द्या. पण जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) बसताना सोबत एक प्रश्न ठेवा: आत्ता, या आठवड्यात, कोणतं झाड काय देतंय? चितळ, अस्वल, वानर, हरोळी हे सगळे या प्रश्नाच्या उत्तरामागेच हिंडत असतात, आणि वाघ-बिबटे त्यांच्या मागे. पुढचं सगळं त्या प्रश्नाला धरून लिहिलंय. उदाहरणं विदर्भातली आहेत, पण मुंबईकरांना यातली बरीच झाडं बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही भेटतील. तिथे आधी नजर तयार करून घेतली तर विदर्भातला पहिला दिवस वाया जात नाही.

१. आधी महिना ठरवा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल उघडतं तेव्हा गवत उंच आणि सगळं हिरवं असतं. सस्तन प्राणी कमी दिसतात, म्हणून बरेच जण हे दिवस टाळतात. किडे-कोळी-फुलपाखरं बघायची असतील तर मात्र याहून चांगला काळ नाही. रस्त्याच्या कडेला दोन झाडांच्या मध्ये मोठ्या कोळिणीची सोनेरी झाक असलेली जाळी याच दिवसांत ताणलेली असतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ती लांबूनच चमकतात.

डिसेंबर-जानेवारीत धावड्याची पानं तांबूस होतात, बोरं पिकतात, आवळे आणि बेहडे खाली पडू लागतात. पहाटे उघड्या गाडीत थंडी हाडांत शिरते. विदर्भ म्हणजे ऊन असं समजून एका टी-शर्टवर येणाऱ्यांचे हाल होतात.

फेब्रुवारी ते एप्रिल हा माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात शिकवणारा काळ. काटेसावर, पळस, मग मोह, मग बहावा अशा फुलांच्या पाळ्या लागतात. पानं नसल्यामुळे नजर लांबवर जाते. कुसुमाच्या झाडाला मार्चमध्ये लालभडक पालवी फुटते, आणि लांबून ती फुलंच वाटतात.

मे महिना पाणवठ्यांचा. त्याबद्दल पुढे सांगतो. जूनचा पहिला पाऊस पडला की वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून उसळून वर येतात. त्यांच्यावर कोतवाल, वेडे राघू, सरडे, बेडूक सगळेच तुटून पडतात. नवरंग पक्षी याच सुमारास घरटं करायला येतो आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ जंगलभर ऐकू येते. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र (जंगलाचा आतला, जास्त जपलेला भाग) साधारणपणे बंद असतं.

शक्य असेल तर एकाच जंगलात दोनदा जा, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा मार्चच्या मध्यावर. पाच जंगलं एकेकदा बघण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं.

२. प्रवेश आणि तयारी

सफारीचं आरक्षण ऑनलाइन होतं. ओळखपत्र मूळच न्यावं लागतं. प्रत्येक गेटला गाड्यांची मर्यादा असते आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. ताडोब्यात ती मंगळवारी. मोबाइलबद्दलचे नियम जागोजागी वेगळे आणि कडक आहेत, ते निघण्याआधी वाचा. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. दुर्बीण घ्यायची तर ८ बाय ४२ची घ्या (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची). कॅमेऱ्याच्या आधी दुर्बीण, हे मी प्रत्येकाला सांगतो.

गाभा क्षेत्रात गाडीतून उतरता येत नाही. झाडं हात लावून शिकायची असतील तर बफर क्षेत्रात (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात) गावांनी चालवलेल्या निसर्गवाटा निवडा आणि स्थानिक गाइडसोबतच चाला. तो त्याच गावातला असतो, मोहफुलं वेचत मोठा झालेला असतो. त्याला ‘वाघ कुठे आहे’ याऐवजी ‘हे झाड घरी कशाला लागतं’ असं विचारून बघा. त्याची कळी खुलते, आणि पुढचे दोन तास तुम्हाला पुस्तक लागत नाही.

पंख, शिंगं, बिया, काटक्या, काहीही उचलून आणायचं नाही. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि साळिंदरं ती कुरतडून खातात. त्यातलं कॅल्शियम जंगलाच्याच कामी येतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२नुसार ती सोबत आणणं गुन्हाही आहे.

३. झाडं खोडावरून ओळखा

पानं, फुलं पाहून झाड ओळखायची सवय आपल्याला असते, आणि नेमकी तीच इथे वर्षातले तीन-चार महिने उपयोगी पडत नाही. म्हणून खोडापासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी सहाच झाडं पुरेत.

*ऐन* (पूर्व विदर्भात कानावर ‘येन’ पडेल). साल काळपट करडी, जाड, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोन पडलेली. मगरीच्या पाठीची आठवण येते. काही मोठ्या ऐनांच्या खोडावर फुगवटा असतो आणि त्यात पाणी साठलेलं असतं. जाड सालीमुळे जमिनीलगतची आग या झाडाला फारशी बाधत नाही. भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशमाचे किडे याच्याच पानांवर वाढवतात, आणि त्यावर अनेक ढीवर कुटुंबांचा संसार चालत आला आहे.

*तेंदू*. नवखे लोक ऐन आणि तेंदू यांत हमखास गोंधळतात, कारण याचीही साल चौकोनी तुकड्यांची. फरक असा की तेंदूची साल कोळशासारखी काळीकुट्ट, तुकडे लहान आणि झाडही बेताच्या उंचीचं. ऐन सरळसोट वर जातो. विडीचं पान ते हेच. पश्चिम महाराष्ट्रात याला टेंभुर्णी म्हणतात.

*धावडा*. गुळगुळीत, पांढुरकी राखाडी साल, मधूनमधून पापुद्रे निघून पडलेले खळगे. याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो.

*कुलू*. कोकणात आणि देशावर याला कांडोळ म्हणतात. कातळावर, उतारावर, जिथे दुसरं काही धड उभं राहत नाही तिथे हे पांढरंफटक झाड असतं. साल कागदासारखी सुटते आणि चांदण्या रात्री खोड उजळून दिसतं, म्हणून गाइड याला भुताचं झाड म्हणून दाखवतात.

*साग*. खोडापेक्षा त्याचं पान बघा, खाली पडलेलं. हातभर लांब, खरखरीत. पावसाळा संपता संपता सागाखाली उभं राहिलात तर वरची कितीतरी पानं जाळीदार झालेली दिसतील. शिरा जशाच्या तशा आणि मधला हिरवा भाग सगळा गायब. एका लहान पतंगाच्या अळीचं हे काम. आणखी एका पतंगाची अळी पावसाच्या सुरुवातीलाच सागाचं कोवळं पान फस्त करते. उद्योगधंद्याच्या नजरेने या अळ्या म्हणजे कीड. पण कोवळी पानं फुटतात त्याच दिवसांत पक्ष्यांच्या घरट्यांत पिल्लं असतात, आणि पिल्लांना भरवायला अळीच लागते. सागाचं ते चाळणी झालेलं पान उन्हाकडे धरून एकदा नीट बघा. किती चोचींना घास मिळाला असेल, याचा तिथे अंदाज येतो.

*मोह*. साल करडी-तपकिरी, उभ्या बारीक भेगांची. पानं फांदीच्या टोकाशी झुबक्यात. याच्यासाठी वेगळा भाग लिहितो.

बांबू सगळीकडे दिसेल, तो सहज ओळखू येतो. पावसाळ्यात त्याचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते गावोगाव भाजीला शिजतात. बांबू अनेक वर्षांतून एकदा फुलतो आणि फुलला की वाळून जातो. वाळलेलं आख्खं बांबूचं बन दिसलं तर रोग पडलाय असं समजू नका. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या तळाशी बियांपासून उगवलेली रोपं शोधा.

४. मोहाखाली थांबा

मार्चअखेर ते एप्रिलमध्ये जात असाल तर दिवसातला पहिला थांबा मोहाच्या झाडाखाली घ्या. आंबूस-गोड, जड वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. फुलं रात्री उमलतात. वटवाघळं त्यांवर येतात आणि एका झाडाचे परागकण दुसऱ्यापर्यंत नेतात. पहाटेपासून फुलं टपटप पडायला लागतात आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतात.

पडलेलं एक फूल जवळून बघा. फिकट पिवळसर, गरगरीत, रसाने भरलेलं. दोन्ही बाजूंना भोक आहे. याचं कारण असं की झाडाने फक्त पाकळ्यांची ही मांसल नळी टाकली आहे. फळ जिथे धरायचं तो स्त्रीकेसर वर फांदीवरच राहिला आहे. म्हणजे फुलं वेचून नेली तरी फळ धरायचं थांबत नाही. त्या फळांच्या बियांतून पुढे तेल निघतं. गोंड आणि कोरकू घरांमध्ये मोहाचं झाड तोडत नाहीत, त्यामागे एवढा सगळा हिशेब आहे.

आता जमिनीवर कोण येऊन गेलं ते शोधा. चितळाचे जोडखूर बहुतेक असतीलच. वानरं वर बसून खातात आणि खाण्यापेक्षा सांडतात जास्त. चितळं त्यांच्या झाडाखाली का रेंगाळतात ते इथे उभं राहिलं की समजतं. नीलगाय, सांबर, रानडुक्कर, साळिंदर सगळ्यांना मोह आवडतो. पण याचा खरा शौकीन अस्वल. त्याचा मागचा पाय मातीत उमटला की माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, फक्त पुढे लांब नखांच्या खुणा असतात. विष्ठेत या दिवसांत मोहफुलांचा चोथा, हिवाळ्यात बोराच्या आठळ्या, आणि वाळव्या-मुंग्यांचे अवशेष तर बाराही महिने.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायची. पहाटेच्या अंधारात वेचणारी बाई आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. वाकून वेचणारा माणूस वाघालाही माणूस म्हणून चटकन ओळखू येत नाही. दरवर्षी मोह आणि तेंदूच्या हंगामात असे हल्ले होतात, माणसं जातात. त्यामुळे पायवाटेने जाणार असाल तर उजाडल्यावरच निघा, एकटे जाऊ नका, आणि मोहाखाली कुणी वेचत असेल तर त्यांच्या कामात न जाता लांबून नमस्कार करा. त्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा.

मोह संपता संपता चार नावाचं झाड पिकतं (चारोळी त्याच्याच बीतली), मग तेंदूची पिवळी फळं, आणि पाऊस तोंडावर आला की नाल्याकाठची जांभळं. उंबर मात्र वर्षातून अनेकदा फळतो, त्यामुळे बाकीच्या झाडांवर काही नसतं तेव्हा पाखरांचा भार तोच उचलतो. फळलेलं उंबर किंवा वड दिसला की गाडी थांबवायला सांगा. हरोळ्यांचा थवा पानांच्या हिरव्यात इतका मिसळलेला असतो की आधी फक्त खाली पडणारी फळं दिसतात. पिवळ्या पायांची ही हरोळी म्हणजे हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. सोबत राखी धनेश, तांबट आणि हळद्याही असतात.

५. पाचोळ्याकडे लक्ष द्या

पाचोळा म्हणजे कचरा नव्हे. मेपर्यंत त्याचा घोट्याएवढा थर साचतो, आणि पाऊस पडला की वाळवी, बुरशी आणि असंख्य लहान किडे मिळून त्याची माती करतात. झाडाने टाकलेलं त्यालाच परत मिळतं. वाळवीची वारुळं ठिकठिकाणी दिसतील. एखादं एका बाजूने खणलेलं असेल तर ते अस्वलाचं काम. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं आणि तो आवाज बराच लांबून ऐकू येतो.

रातवा हा पक्षी दिवसभर पाचोळ्यातच बसून असतो आणि घरटं न बांधता तिथेच अंडी घालतो. त्याच्या अंगावरची नक्षी पानांशी इतकी जुळते की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. निसर्गवाटेवर आखलेली वाट सोडायची नाही, याला हेही एक कारण आहे.

मऊ धुळीत पायाचे ठसे वाचायला सोपे नियम:

- नखं उमटली असतील तर बहुधा कुत्र्याच्या कुळातला प्राणी: रानकुत्रा, कोल्हा. मांजरकुळात नखं आत ओढलेली असतात, ठशात येत नाहीत.
- वाघ-बिबट्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाई असतात. आकारातला फरक एकदा गाइडकडून शेजारी शेजारी बघून घ्या, वर्णनाने तो लक्षात राहत नाही.
- ठशावर कोळ्याचं जाळं, पडलेलं पान किंवा दव असेल तर ठसा जुना. कडा तीक्ष्ण आणि आतली माती बसलेली असेल तर ताजा.

६. आवाज

गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांगा आणि पाच मिनिटं गप्प बसा. एवढी एक सवय लावून घेतली तर तुमची सफारी इतरांपेक्षा वेगळी होईल.

गाइड ‘कॉल आला’ म्हणतात तो इशाऱ्याचा आवाज. वानर उंचावरून बघतं आणि खोकल्यासारखं खाकरतं. चितळ कर्कश, तुटक ओरडतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. सांबराचा आवाज मोठा, खणखणीत, आणि सगळ्यात भरवशाचा. चितळ कशालाही बिचकून एक-दोनदा ओरडू शकतं, सांबर सहसा उगाच ओरडत नाही. आवाज एकदाच आला तर थांबून राहा. तो पुन्हा पुन्हा आला आणि हळूहळू पुढे सरकत गेला, तर ज्याला पाहून ओरडताहेत तो प्राणी चालतोय. तो सरकतोय त्या दिशेला पुढे कुठे रस्ता किंवा नाला आहे, एवढं ताडून गाइड गाडी नेतो. यात नशिबाचा भाग असतोच, पण ऐकण्याचा त्याहून मोठा.

कोतवाल आणि टकाचोर हे पक्षी एकत्र कल्ला करत असतील तर झाडावर वर बघा. घुबड, साप किंवा मोरघार असण्याची शक्यता जास्त.

७. पाणी

एप्रिल उजाडला की नाले आटतात आणि सगळं जंगल थोड्या पाणवठ्यांभोवती गोळा होतं. नाल्याच्या काठी मात्र अर्जुन, जांभूळ, करंज हिरवेच राहतात, कारण त्यांची मुळं खालच्या ओलीपर्यंत गेलेली असतात. दुपारी सावली हवी म्हणून वाघ, गवे, सांबर याच पट्ट्यात पडून असतात. उजाड टेकडीवरून खाली बघताना हिरव्या झाडांची नागमोडी रेघ दिसली की तिथे नाला आहे असं समजा.

पाणवठ्यावर बसायचं तर वारा तुमच्याकडे येतोय ना ते बघा, आणि किमान दोन तास हलू नका. आधी कबुतरं-होले येतात, मग मोर, मग चितळांची म्होरकी मादी कितीतरी वेळ काठावर उभी राहून वास घेते. सांबर उशिरा, अंधार पडताना. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसायची संधी देतो. भरपूर चांदणं, गळालेली पानं आणि मोजकं पाणी ही तिन्ही त्या रात्री जुळून येतात. पूर्वी याच रात्री प्राणी मोजत. आता वाघांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपवरून (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवरून) घेतात आणि मचाण अनुभवासाठी उरलं आहे. जागा मोजक्या असतात, एप्रिलपासूनच प्रकल्पांच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

८. वणवा

पाचोळ्याचा थर आणि मे महिन्याचं ऊन एकत्र आलं की एक काडी पुरते. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसानेच लावलेले असतात: मोहाखालची जागा साफ करायला, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून, किंवा फेकलेल्या विडी-सिगारेटमुळे. ऐनासारखी मोठी झाडं वाचतात. मरतात ती दोन-तीन वर्षांची रोपं, रातव्याची अंडी, कासवं, साप. रस्त्याकडेला काळे जळालेले पट्टे दिसतील, त्या वनविभागाने हिवाळ्याच्या अखेरीपासून मुद्दाम जाळून ठेवलेल्या जाळरेषा. आग त्यांच्यापाशी येऊन थांबावी म्हणून. त्यांना वणवा समजू नका. पण धूर जाळरेषेपासून दूर, आत कुठे दिसला तर गाइडला लगेच सांगा आणि गेटवर पुन्हा सांगा.

९. नोंद ठेवा

जाड पुठ्ठ्याची छोटी वही आणि पेन्सिल घ्या. पेन उन्हात आणि दवात दगा देतं. रोज एवढंच लिहा: तारीख, वेळ, जागा, कोणत्या झाडाला पानं आहेत, कोणतं उघडं, कोणाला फूल, कोणाला फळ, खाली काय पडलंय आणि ते कोण खातंय, ऐकलेले आवाज. दिसलेल्या प्राण्यांची यादी सगळ्यात शेवटी. झाडाचं नाव माहीत नसेल तर सालीचं चित्र काढा आणि गाइडने सांगितलेलं स्थानिक नाव जसं ऐकू आलं तसंच लिहून ठेवा. तेच नाव पुढच्या वेळी गावात विचारलं तर लोक थेट त्या झाडापाशी घेऊन जातात.